दहावी ‘ब’चे आजोबा

“माझा बाप खोटा हाय व्हय, सर? सांगा ना! हितं सगळ्यांसमोर सांगा!”

या आवाजानं स्टाफरूमचा पंखा बंद पडला. आमचा शिपाई म्हणेल, तो आधीपासूनच बंद होता. म्हणू दे. पण गणिताच्या बाईंच्या डब्याचं झाकण आपोआप उघडलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. दारात एक बाई उभी होती. अंगात शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात कंपनीचेच जाडजूड बूट. पहिली पाळी सुटल्याबरोबर बसमधून उतरून थेट माझ्यावर चाल करून आली होती. हातात इंग्रजीची वही. तिच्या मागं दाराआड तिची मुलगी प्रतीक्षा, दहावी ‘ब’, तिसरा बाक, फरशीत शिरायला फट सापडते का ते बघत उभी.

“ताई, आधी बसा तर,” मी म्हणालो.

“बसायला नाय आले. ह्या शून्याचा जाब इचारायला आले.”

तिनं वही उघडून माझ्या नाकासमोर धरली. आठ ओळींची इंग्रजी कविता. तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल काट. खाली शून्य. माझं शून्य जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. गोल, भरदार, ज्वारीच्या भाकरीसारखं. आणि शेजारी माझ्याच अक्षरात शेरा: ‘पुन्हा आजोबा!!’ उद्गारचिन्हं दोन.

हे आजोबा कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. म्हणजे पगारपत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी घरची माणसं मोजली, जनावरं मोजली, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या, खिचडीत मीठ बरोबर आहे का ते चाखलं, आणि उरलेल्या वेळात वह्या तपासल्या. वर्गात चौसष्ट पोरं. आठवड्याला एक गृहपाठ. ऑफ तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा चहात जातात. राहिली पंचवीस. चौसष्ट वह्या भागिले पंचवीस मिनिटं, हा हिशोब गणिताच्या बाईंनाही सुटला नाही, मी सोडवला. पहिल्या दोन ओळी बघायच्या, पान भरलंय का बघायचं, सही, तारीख, पुढची वही. लोक म्हणायचे, जाधव सर क्रांती चौक ते सिडको रिक्षात बसल्या बसल्या अख्खा वर्ग तपासतात. खोटं आहे. अर्धाच वर्ग व्हायचा.

आता रसग्रहण. बाहेरच्या माणसासाठी सांगतो. पोरांना इंग्रजी कवितेचं रसग्रहण लिहावं लागतं, पाच मार्कांचं. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकं कशी जुळली, अलंकार कोणता, दोन ओळींत अर्थ. हे सगळं गाईडमध्ये तयार मिळतं. शेवटचा एक मार्क असतो तो ‘तुम्हाला ही कविता का आवडली?’ याला. आवडलीच, हे बोर्डानं गृहीत धरलेलं. न आवडण्याची सोय नाही. आणि नेमका हाच मार्क पोरांचा जायचा, कारण हे गाईडात नसतं. हे आपलं आपल्याला सांगावं लागतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एकदा वर्गाला मोठ्या उमेदीनं विचारलं, “सांगा, का आवडली?” साठ तोंडं माझ्याकडं बघत राहिली. शेवटी मागच्या बाकावरनं आवाज आला, “सर, तुमीच लिहून द्या ना, का आवडली ते.”

आणि मी लिहून दिलं. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण. फळ्यावर तीन वाक्यं: “धिस पोएम रिमाइंड्स मी ऑफ माय ग्रँडफादर. ही वॉज अ सिम्पल मॅन. ही सॅट अंडर द नीम ट्री अँड सेड व्हेरी लिटल.” या कवितेवरून मला माझे आजोबा आठवतात, साधा माणूस, कडुलिंबाखाली बसायचे, फार बोलायचे नाहीत. झालं.

हे आजोबा मी कुठून आणले? घरून तर नाहीच. माझा आजा वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचा. तो गप्प राहिलेला मी एकदाच पाहिला, तेव्हा त्याला उचलायला चौघं आले होते. पण गप्प आजोबांचा फायदा असा, की गप्प माणूस इंग्रजीत चुकत नाही. शिवाय ते कुठल्याही कवितेला बसायचे. झाडावरची कविता? आजोबा झाडाखालीच. नदीवरची? नदीसारखेच शांत. एका वर्षी यंत्रावरची कविता लागली. म्हटलं, मेलो. कुठला! आजोबांनी जन्मात यंत्राला हात लावला नव्हता, म्हणून तर आठवण झाली!

मार्क मिळायला लागले आणि आजोबा सुटले. शेजारच्या तुकडीत गेले. तिथून औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये गेले. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं पोरं “काका, एक आजोबा द्या” म्हणायला लागली, आणि तो न बघता मागच्या खोक्यातून काढून द्यायचा. माझ्या अंदाजानं आजमितीला या शहरातल्या निम्म्या लोकांचा आजोबा एकच आहे. वारसाहक्काचा दावा लागला तर कोर्ट फुटेल.

इम्रान नावाचा एक विद्यार्थी होता, शहागंजचा. तो एकटा उठून म्हणाला होता, “सर, हमारे दादा चुप कब बैठे? वो तो पूरे मोहल्ले कू किस्से सुनाते थे.” मी म्हणालो, “पेपर में चुप बिठा दे, बेटा. एक मार्क का सवाल है.” त्यानं बसवले. मार्क मिळाला. मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. त्याच्या दादांचा एखादा तरी किस्सा आपण विचारला का नाही, हा प्रश्न मला सुचायला वीस वर्षं लागली.

मग माझं निवृत्तीचं वर्ष आलं आणि तपासणी आली. साहेब कुठून आले, कोण होते, ते सांगत नाही. त्यांनाही पेन्शन आहे. वर्गात शिरले, पुस्तक उघडलं, पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, “ही कविता तुला का आवडली?” तो उभा राहिला आणि सुरू झाला: “धिस पोएम रिमाइंड्स मी...” तेवढ्यात सवयीनं अख्खा वर्ग त्याच्यात सामील झाला. चौसष्ट आवाज, एका सुरात, आरतीसारखे. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ज्यांचे आजोबा कडुलिंबाखाली बसायचे, त्यांनी हात वर करा.” चौसष्ट हात. साहेब माझ्याकडं वळले. “जाधव, या गावात झाडं किती आहेत हो?”



दुसऱ्या दिवशी मी वर्गात फर्मान काढलं. रसग्रहण बंद, साचा बंद. घरून आठ ओळींची इंग्रजी कविता लिहून आणायची, स्वतःची, स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर. पाच मार्क, अंतर्गत मूल्यमापनात धरणार. “आणि ज्याच्या वहीत मला आजोबा दिसतील, त्याला शून्य!” एवढ्यानं भागलं नाही म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. डस्टर दुसऱ्या मजल्यावरून खाली पडलं.

सोमवारी वह्या आल्या. हल्ली पोरांना गाईड लागत नाही. मोबाइलला सांगितलं, कविता करून दे, की तो चहा ओतायच्या आत करून देतो. पहिली वही उघडली: बर्फ. दुसरी: बर्फ. तिसऱ्या वहीत समुद्रकाठचा दिवा आणि त्याच्यावर पडणारा बर्फ. बाहेर मुकुंदवाडीत आठ दिवसांनी नळाला पाणी, आणि माझ्या टेबलावर गुडघाभर बर्फ. मी चिडलो, ओरडलो, चहा सांडला. आणि या सगळ्या बर्फातून खाली एकोणचाळिसावी वही निघाली. तिची पहिली ओळ: माझे आजोबा कडुलिंबाखाली बसतात. दुसरी ओळ: ते फार बोलत नाहीत.

मी पुढं वाचलंच नाही. काट मारली, शून्य काढलं, दोन उद्गारचिन्हं ठोकली. पेनही दुखावं अशी ठोकली.

आता पुन्हा स्टाफरूम.

“ताई,” मी आवाज चढवून म्हणालो, कारण वैजापूरच्या माणसाला दुसऱ्याचा चढलेला आवाज एकटा सोडवत नाही, “ही कविता नाही. हा साचा आहे. गेली पंचवीस वर्षं झेरॉक्सच्या दुकानात मिळतो!”

“मला सांगताय?” ती म्हणाली. “वळखलं नाय ना मला? सुनीता. बावीस वर्षांपूर्वी, दहावी ब, खिडकीजवळचा बाक.” आणि तिनं तिथंच, कंपनीच्या बुटांत उभं राहून, डोळे मिटून म्हणून दाखवलं, “धिस पोएम रिमाइंड्स मी ऑफ माय ग्रँडफादर...” एक शब्द चुकला नाही. बावीस वर्षं! माझी बायको माझा वाढदिवस विसरते.

“माझ्या आज्याला मी बघितलंबी नव्हतं, सर. माझ्या जल्माआधीच गेला त्यो. तरी तुमी मला पाचपैकी पाच दिले, वर ‘गुड’ लिवलं. आन् हिचा आजा, माझा बाप, जित्ता हाय. शेंद्र्यात कंपनीच्या गेटाम्होरं लिंबाखाली रोज बसतो. आमच्या रानातलाच लिंब हाय त्यो, कंपनीनं तेवढा ठिवला. पोरगी बघती, तेच लिवती. तर तिला शून्य? खोट्या आज्याला पाच, आन् खऱ्याला शून्य?”

गणिताच्या बाईंचा घास हातात तसाच.

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी म्हणालो, “कविता नीट वाचूनच मार्क दिलेत मी.”

“वाचली?”

“अर्थात.”

“सगळी?”

“म्हणजे काय!”

“मग शेवटची ओळ काय हाय, सांगा.”

मी छताकडं बघितलं. पंख्याकडं बघितलं. “चौसष्ट वह्या असतात, सुनीता. सगळ्यांच्या शेवटच्या ओळी लक्षात राहतात का?”

“सगळ्यांच्या नाय इचारल्या.” तिनं वही टेबलावर ठेवली. आता आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त लागला. “मार्क ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. त्या दिवसापासनं पोरीनं हातात पेन धरलं नाय. घरचा अभ्यास करत नाय, म्हणती, काय लिवलं तरी सर आधीच ठरवून असतात. तेवढं वाचा आन् मग वही द्या.” आणि मायलेकी निघून गेल्या.

मुख्याध्यापिका दारातून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “सर, मूल्यमापनाच्या रजिस्टरवर मंगळवारी सह्या आहेत. तोवर मिटवा.”

वही माझ्या टेबलावर होती. उघडून सहा ओळी वाचायच्या, एवढंच काम. पण मी इतका पेटलो होतो, की म्हटलं, पुरावा आधी, कविता मग! पंचवीस वर्षं मीच जन्माला घातलेला आजोबा शेंद्र्यात जिवंत बसलाय म्हणे! रविवारी सकाळी वही डिकीत टाकली आणि स्कूटर जालना रोडला काढली. कडुलिंब नसेल अशी माझी खात्री होती. असला तर आजोबा नसतील. असले तर बडबडे असतील. तिन्हींपैकी एक जरी खोटं निघालं तरी माझं शून्य शाबूत.

कडुलिंब होता. कंपनीच्या गेटासमोर, आजूबाजूचं सगळं सपाट करून मधोमध तो एकटा. आणि त्याच्याखाली, पांढरी टोपी, गुडघे पोटाशी, एक म्हातारा. कचरूबाबा.

मी उतरलो आणि सरळ उलटतपासणीला लागलो. “बाबा, तुम्ही रोज इथंच बसता?”

“मग कुठं बसू?”

“सकाळपासून?”

मान हलली.

“तुम्ही फारसं बोलत नाही म्हणे?”

यावर बाबा काहीच बोलले नाहीत. पुरावा पुरा झाला.

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसलो. सांगितलं, मी प्रतीक्षाचा मास्तर. त्यांनी टोपी सारखी केली. “तुमच्या नातीनं तुमच्यावर इंग्रजीत कविता केलीय,” मी म्हणालो, “वाचू का?” आणि वही उघडली. पाचपैकी शून्याच्या वर, माझ्याच लाल काटेखाली, मी ती पहिल्यांदा वाचली. ओळीमागून ओळ, मराठी करत करत:

माझे आजोबा कडुलिंबाखाली बसतात.
ते फार बोलत नाहीत.
गेटवरचा माणूस बदलतो, आजोबा तेच असतात.
गेटाबाहेर ट्रक उभे राहतात, तिथं त्यांची विहीर होती.
ट्रकवाल्यांना ते माहीत नाही.
आजोबा तिथून जाताना चप्पल काढून हातात घेतात
आणि हळू पाय टाकतात,
खाली अजून पाणी असल्यासारखे.

इंग्रजी मोडकं होतं. दोन ठिकाणी क्रियापद लंगडत होतं. माझा हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडं गेला आणि तिथंच थांबला. एकतीस वर्षं मी कविता शिकवल्या; वहीत एक आली, तर मी तिच्यावर काट मारली. वरून दोन उद्गारचिन्हं.

बाबा ट्रकांकडं बघत होते. म्हणाले, “चप्पल काढतो व्हय मी?”

“असं लिहिलंय तिनं.”

त्यांनी हात लांब करून गेटाच्या आत दाखवलं. “हीर भाएर नव्हती, गुर्जी. आत हाय. पार मागं, त्या निळ्या शेडाखाली.”

मला राहवेना. मास्तर आहे, कविता कितीही चांगली असली तरी चूक सापडली की हात शिवशिवतात. उठलो, गेटवर गेलो. वॉचमननं आडवा हात केला. “किससे मिलना है?”

“विहीर बघायचीय. त्या शेडाखाली होती.”

“गेटपास?”

“अरे, विहिरीला गेटपास?”

“विहिरीला नाही, तुम्हाला.” त्यानं माझ्या खांद्यावरून मागं, लिंबाकडं बघितलं. “ते बाबा बी आधी इचारायचे. आता नाही इचारत.”

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी प्रतीक्षाला स्टाफरूममध्ये बोलावलं. माफी कशी मागायची ते घरून पाठ करून आलो होतो. चांगली लांबलचक, उपमा-अलंकारांसकट. तोंडातून एवढंच निघालं, “वाचली मी. रविवारी. आधी वाचली नव्हती. खोटं बोललो.” तिनं मान हलवली. तिला ते आधीच माहीत होतं.

मी शून्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, साडेचार. वही तिच्याकडं सरकवली. तिनं आकडा बघितला, मग माझ्याकडं.

“अर्धा कापलाय,” मी म्हणालो. आणि कितीही ठरवलं तरी माझा तो जुना आवाज चढलाच. “तुझ्या आजोबांशी बोलून आलोय मी! स्वतः पाहिलेलं लिहा म्हटलं होतं ना? विहीर गेटाबाहेर नव्हती. आत होती, निळ्या शेडाखाली. तू ती बाहेर आणून ठेवलीस.”

“माहितीय, सर,” ती म्हणाली. “आत त्यांना सोडत नाहीत.”